वेली पुरण्याचे दिवस

ओल्तिआरिक,
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय सोबितदादा,

तुला घरच्या सगळ्यांचा सलाम. आम्ही बरे आहोत, नवोईत तूही बरा असशील असं धरून चालतो. आईचा खोकला कमी आहे. बाबांचा उजवा खांदा अजून वर जात नाही, त्यामुळे या वर्षी फावडं माझ्या हातात आलं आहे.

लसूण लावून झाला. ओळी दोरी धरून घातल्या, तुझ्या ओळी बाबांना नेहमी वाकड्या वाटायच्या म्हणून. गाजरं वाळूत ठेवली. भोपळे इतके झाले आहेत की आई रोज भोपळ्याचं सारण भरून मंती उकडते आणि रोज विचारते, "आज जास्त गोड झाली का?" सकाळी पाटाच्या कडेचं गवत पांढरं असतं. दहाला ऊन चढलं की छाटलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर किटली ठेवतो. त्या धुराचा वास कोटाला दोन दिवस राहतो. मी कोट मुद्दाम धुवायला टाकत नाही.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आठवीतून शाळा सुटली, तरी खाडाखोड केलेला कागद तुला पाठवायला लाज वाटते.

कडाक्याचा गारठा यायच्या आत द्राक्षाच्या वेली मातीत पुरायला सोमवारी सुरुवात केली. बाबा उलट्या खोक्यावर बसून सांगतात आणि मी करतो. मांडवावरून वेल सोडवायची, गुडघ्याने दाबत चरात निजवायची, वर पेंढा, मग कोरडी माती. "हळू! वेल आहे ती, गाढवाचं शेपूट नाही," हे दिवसातून वीस वेळा. भिंतीपलीकडून मामासोलीकाकांनी डोकं काढलं. "काय हो, तुमचा धाकटा वेल पुरतोय की तान्ह्या बाळाला निजवतोय?"

बाबा म्हणाले, "निजवू दे. थोरल्याने घाई केली होती, त्याचं फळ आम्ही अजून खातोय."

काकांनी डोकं खाली घेतलं. दादा, असं वाक्य या तीन वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी खाली मातीकडे पाहिलं आहे.

तुझ्या लग्नाचं आईला मावशीकडून कळलं. वीस डिसेंबर. तिने बाबांना चहा देताना सांगितलं. बाबा म्हणाले, "ओल्या मातीत वेली पुरायच्या, अकरातल्या आठ मारायच्या, आणि वर तोंड करून म्हणायचं, माती कोरडी होती. चूक कबूल करायची नाही, अशा मुलाच्या लग्नात मी कोणत्या तोंडाने बसू?" आई उठून आत गेली. तिने तुझ्यासाठी कापसाच्या दोन जाड रजया भरून ठेवल्या आहेत, त्या तशाच पडून आहेत.

काल शेवटची वेल पुरली. ढिगाऱ्याच्या डोक्याशी बोरूच्या पोकळ नळ्यांची जुडी खोचली, आत हवा जायला. बाबा वाकून एकेक नळी बघत होते. म्हणाले, "कितीही गारठा पडला तरी यात बोळा घालू नकोस. आमच्या वडिलांनी एकदा घातला होता. मध्येच ऊन पडलं, आत वाफ कोंडली, आणि वेलींचे सगळे डोळे काळे पडले, कोंब फुटलेच नाहीत."

मी विचारलं, "दादाने पुरल्या त्या वर्षीही तसंच झालं असेल तर?"

"मला ते सुचलं नसेल असं वाटतं तुला? फेब्रुवारीत मी स्वतः नळ्या तपासल्या. सगळ्या मोकळ्या होत्या. म्हणजे मातीच ओली होती."

नळ्या मोकळ्या होत्या, कारण आदल्या दिवशी मीच त्या मोकळ्या केल्या होत्या.

खाडाखोडीचं कारण खरं नाही, दादा. याच्या आधीची दोन्ही पत्रं या ओळीच्या अलीकडेच थांबली होती.

त्या डिसेंबरात रेडिओवर उणे अठरा सांगितलं. तू कामावर होतास. वेली गारठतील या भीतीने मी जुन्या रजईचा कापूस काढून एकेका नळीत काडीने घट्ट बसवला. मला वाटलं, तुझ्या कामात जी कसर राहिली ती मी भरून काढली. जानेवारीत आठवडाभर ऊन पडलं, तेव्हाही काढला नाही, पुन्हा गारठा आला तर म्हणून. फेब्रुवारीत एका नळीला नाक लावलं तर कुजका वास आला. सगळा कापूस काढून चुलीत घातला आणि कोणाला काही बोललो नाही.

मार्चमध्ये बाबा शेजाऱ्यांसमोर तुला बोलले. तू एकदाच म्हणालास, "माती कोरडी होती." मग माझ्याकडे पाहिलंस. तुला ठाऊक होतं का, हे मला आजही कळत नाही. ठाऊक असून तू गप्प राहिला असशील, तर ते मला जास्त जड जातं. चौथ्या दिवशी तू गेलास. मी तुझी पेटी बसपर्यंत उचलून नेली, आणि बसमध्ये चढवूनही दिली.

तू मला माफ कर, असं मी लिहीत नाही. आधी जे करायचं आहे ते करतो. बाबा आता अंगणात उन्हात बसले आहेत, चष्मा त्यांच्या खिशात आहे. हे पत्र मी पाकिटात घालत नाही. उघडंच त्यांच्या हातात देणार आहे. ते ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचतात, तोवर मी समोर उभा राहीन, तिथून हलणार नाही. पाकिटावरचा पत्ता लिहायलाही त्यांनाच सांगणार आहे.

पाकिटावर अक्षर बाबांचं दिसलं, तर समज की त्यांनी वाचलं. अक्षर माझं दिसलं, तर त्यांच्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही असं समज, आणि हे वाचून झाल्यावर मला काहीही म्हण, ते मी ऐकून घेईन.

तुझ्या नावाआड तीन वर्षं लपून बसलेला तुझा भाऊ,
नोर्मत