नियाजच्या हातचं

तीर्थरूप आईच्या पायांवर नाथाचं डोकं.

नाशकात मी बरा हाय. डॉक्टरसायबांच्या प्रयोगशाळेत माकडांचे पिंजरे झाडतो. काम हलकं हाय, काळजी करू नको. तुझा खोकला कसा हाय?

माझ्या जोडीला नियाज हाय. त्याचा मला लय राग येतो. चिंगी नावाची माकडीण त्याच्याच हातचं खाते, त्याच्या केसांतल्या उवा बघते. तू बांधून दिलेल्या शेंगा मी तिच्यापुढं धरल्या, तर माझ्यावर दात विचकले. तू म्हणशील, थोरल्याच्या ताटात बघून रडणारा नाथा अजून तसाच जळका.

सोमवारी सायेब म्हणाले, "ती ज्याच्याजवळ जाते, त्यानंच तिला सुई टोचताना धरायचं." मला का नाय सांगितलं, म्हणून मी तेव्हाबी जळलो. नियाजनं हाक मारली. ती आपणहून त्याच्या कडेवर आली, अन् त्यानं तिला धरली.

त्या सुईनं चिंगी तापानं फणफणली. आता ती नियाजकडं पाठ करून बसते. तोबी नीट जेवत नाय.

आज तिनं माझ्याकडं हात पुढं केला. आई, याचीच तर वाट बघत होतो मी. शेंगा पिंजऱ्यात टाकल्या अन् सायबांनी बघायच्या आत तिथून निघालो.

पुन्हा शेंगा पाठवू नको.

तुझा
नाथा