यांच्या शेजारची खाट

लाटंबार्से, मंगळवार, दिवेलागण

आजही पेज तशीच परत आणावी लागणार, असं धरूनच इस्पितळात गेले होते. क्षय आहे असं कळल्यापासून यांनी खाणं आणि बोलणं दोन्ही टाकलं होतं. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस, आणि आठवडाभर नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडेल, पण पोटात काही जायला हवं ना!

आज वॉर्डात शिरते तर भांडणाचा आवाज. आणि तो यांचाच! शेजारच्या खाटेवर काल पेडण्याचे एक निवृत्त बस कंडक्टर आलेत. दुखणं तेच. नर्स सांगत होती, विचारल्यावर यांनी तिला "खोकला वाढलाय" असं सांगितलं मात्र, ते गृहस्थ म्हणाले, "खोकला न्हय मास्तर, खोंकली! आतां कोंकणी राजभास जाली."

हे उठूनच बसले. "माझ्या छातीत आहे तोवर तो खोकलाच!"

दोघंही भांडत होते, खोकत होते, दम घेऊन पुन्हा भांडत होते. मध्येच यांनी माझ्या हातातून डबा ओढून घेतला आणि भांडता भांडता सगळी पेज पिऊन टाकली. सगळी! मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

नर्स वैतागली. "बाई, उद्या यांची खाट बदलते."

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "नको हो! हवं तर दोघांना आणखी जवळ सरकवा."

मला वेडी समजली असेल. समजू दे.