बापाची घाई

ता. ३

चि. शेंडेफळास, बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठीक म्हणायचे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झाला. तुझ्या वसतिगृहाच्या खिडकीतून वारा येतो असे वाचल्यापासून मला झोप नाही. फटीत कागद कोंब. शिलाईला हल्ली नुसते उशांचे अभ्रे येतात, सुईत दोरा ओवायलाच सकाळ सरते.

कामाचे लिहितो. औषधवाल्यांची मंडळी तुला पाहायला पुढच्या महिन्यात येणार होती. मीच गळ घालून याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बोलावले आहे. मुलगा सरळ आहे, दुकान स्वतःचे आहे. निळी साडी आण आणि उगाच फाटे फोडू नकोस.

जेवत जा. आहे तो लोभ राहू दे.

तुझे बाबा

ता. ८

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

फटीत कागद कोंबला. आता वारा नाही आणि खिडकीही उघडत नाही.

आमच्या अध्यापिका वर्गाच्या मुली एक जुने शोकान्त नाटक बसवत आहेत. माझा आवाज तुमच्यावर गेलाय, म्हणून नायिकेच्या बापाचे काम माझ्या गळ्यात पडले. श्रीमंताची मुलगी नावाड्याच्या मुलावर जीव लावते. बापाला पत्ता नाही. तो तिचे लग्न दुसरीकडे ठरवतो आणि ठरलेला दिवस एकाएकी अलीकडे आणतो. मुलगी ऐन पुरात एकटी नाव घेऊन निघते, ती बुडते. तो मुलगाही तिच्यामागे पाण्यात उडी घेतो.

बाई म्हणतात, आपल्या पात्राच्या मनात काय आहे ते शोधा. सगळ्या म्हणतात, बाप गर्विष्ठ आहे. मीही तसाच ओरडून करते, पण जमत नाही. पहिल्याच प्रवेशात तो मुलीच्या पायातला काटा स्वतः काढतो. असा माणूस एवढी घाई का करतो? तिला एकदा विचारत का नाही? तुम्ही बाप आहात, तुम्हाला कळेल.

माझा कुणी नावाडी नाही, घाबरू नका. शिक्षण पुरे करून वर्षभर तरी शिकवायचे आहे, एवढे मागच्या दोन्ही पत्रांत लिहिले होते. त्याला उत्तर आले नाही. तरी तुम्ही म्हणत असाल तर रविवारी येते.

खोकल्याला घरचा म्हणून लाडावू नका. मायेत अंतर नसावे.

तुमचे शेंडेफळ

ता. १२

चि. शेंडेफळास, आशीर्वाद.

तुझे पत्र न्हाव्याला वाचून दाखवले. तोही म्हणाला, बाप गर्विष्ठ. माझे त्याच्याशी वाजले, अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आलो.

माझी शाळा चौथीत संपली, नाटकातले मला काय कळणार. पण तुझ्या पत्रात त्या मुलीची आई कुठे दिसली नाही. म्हणजे तो एकटा. अशा घरात स्वयंपाकघरात झाकण पडले तरी माणूस कोण आहे म्हणून विचारतो. आपण डोळे मिटले तर पोरीचे कोण, हे त्याला खात असते. जावई म्हणजे निघण्याआधी दाराला लावायचे कुलूप, एवढेच त्याला दिसते. म्हणून घाई. आणि विचारत नाही, कारण ती नको म्हणाली तर त्या धास्तीशेजारी पुन्हा एकट्याने बसावे लागेल. तेव्हा लग्नाचा दिवस अलीकडे आणल्याचे तो सांगतो ते वाक्य ओरडू नकोस. हळू म्हण, आणि तिच्याकडे न बघता म्हण.

एवढे लिहून मी उठलो आणि औषधवाल्यांकडे जाऊन आलो. येऊ नका म्हणून सांगितले. ते रागावले, औषधही धड बांधून दिले नाही. तू शिक्षण पुरे कर. वर्षभर शिकव, दोन वर्षे शिकव.

पाहुणे नाहीत म्हटल्यावर रविवारी यायला तुला कारण उरले नाही. तालीम असेल तर ये असे मी म्हणत नाही. मी स्टेशनवर थांबू की नको, तेवढे कळव. वेळेत नाही कळवता आले तरी चालेल, मी तिकडे चक्कर मारणारच आहे.

लोभ कमी झाला तर तसे लिहू नकोस.

तुझे बाबा