पिंकीनं मेळाव्यात ताईचं नाव घेतलं

प्रिय अनिता,

पेणच्या खोलीत पंखा बसवलास का? इथे खांब गावात अजून पहाटे गारठा असतो, पण तुमच्याकडे खाडीमुळे चिकचिक होत असेल. आपल्या वालाला यंदा शेंगा बऱ्या धरल्यात. कपिला व्याली, कालवड झाली. पिंकीनं तिचं नाव ठेवायचं काम स्वतःकडे घेतलंय आणि रोज नवं नाव ठेवते. तू म्हणशील, आईला फोन करता येत नाही का? फोनवर मला तुझा आवाज ऐकला की रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

गेल्या शनिवारी पिंकीच्या रोह्याच्या शाळेत करिअर मेळावा होता. सकाळी मुलांनी कुंडलिका नदीचा काठ झाडून काढला, मग सगळी हातपाय धुऊन हॉलमध्ये आली. बँकेचे साहेब होते, एक नर्सबाई होत्या, पोलीस भरतीची माहिती सांगणारे होते. नववीच्या मुलांनी आपल्याला काय व्हायचंय ते बोलून दाखवायचं होतं. पालकांना बोलावणं होतं. मी म्हटलं तर तुझे बाबा आले, पण मागे भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना वाटलं, पिंकी डॉक्टर नाहीतर मास्तरीण म्हणेल.

पिंकी तुझं आयटीआयचं पिवळं हेल्मेट घालून स्टेजवर गेली. ते तिनं पिशवीतून लपवून नेलं होतं, मलासुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणाली, "माझी ताई डोलवीच्या कंपनीत क्रेन चालवते. वितळलेलं लोखंड भरलेलं भांडं ती वरून उचलते आणि खाली माणसं असतात, म्हणून तिचा हात हलून चालत नाही. मला तिच्यासारखं व्हायचंय."

मी आधी मागे तुझ्या बाबांकडे बघितलं. तुला माहीत आहे, बाबांनी गावात काय सांगितलंय. अनिता कंपनीच्या ऑफिसात आहे, कागद बघते. ते चिपळूणचं स्थळ तुझ्या रात्रपाळीवरून मोडलं, बाबा तुलाच बोलले, तू रागानं पेणला खोली घेतलीस, तेव्हापासून ते हेच सांगतायत. आणि आपल्या गावची चार माणसं त्या हॉलमध्ये बसलेली होती.

मुलं हसली. एक पाहुणे सहज, थट्टेनं बोलले, "पोरी, बाई माणूस क्रेनवर? रात्रपाळीलासुद्धा? आणि तुझ्या बाबांना चालतं हे?" त्यांच्या मनात वाईट नसावं. पण पिंकीनं हेल्मेट काढून हातात धरलं. तिला उत्तर माहीत होतं गो, म्हणूनच बोलता येईना.

तेव्हा मागून आवाज आला, "मी तिचा बाप." सगळे वळले. मीही वळले. ते भिंत सोडून पुढे आले होते. म्हणाले, "मोठी माझी क्रेनच चालवते. ऑफिसात नाय. गावात मी ऑफिस सांगत होतो. आणि रात्रपाळीला जाते ती कामालाच जाते." एवढंच. मग काय करावं ते न सुचून खुर्ची ओढून बसले. टाळ्या जरा उशिरा वाजल्या. पिंकीनं उरलेलं भाषण घाईघाईनं संपवलं, आभार मानायला विसरली.

घरी येताना रिक्षात पिंकी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. कोलाडच्या नाक्यावर बाबांनी तिला विचारलं, "वर केबिनमध्ये ती एकटीच असते का गो? भीती नाय वाटत तिला?" पिंकी म्हणाली, "पहिल्यांदा वाटली म्हणे. मग सवय झाली." पहिल्यांदा भीती वाटली तेव्हा तू कोणाशी बोललीस, हे बाबांच्या मनात आलं असेल. माझ्या तरी आलं.

आता ज्याच्यासाठी लिहिलं ते. मेळावा संपल्यावर सरांनी बाबांना थांबवून विचारलं, मोठीला एकदा शाळेत आणाल का, दहावीच्या मुलींना ऐकू दे. बाबा म्हणाले, "विचारतो." तेव्हापासून जेवण झालं की फोन हातात घेतात, तुझं नाव काढतात आणि खाली ठेवतात. दिवाळीला त्यांनी केलेला फोन तू उचलला नव्हतास. मी तुला दोष देत नाही, तुला लागलं होतं. पण आता त्यांना वाटतं, पुन्हा उचलणार नाहीस. शाळेत यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी गळ घालणार नाही. रविवारी तुझी सुट्टी असते म्हणून दुपारी मीच फोन लावून त्यांच्या हातात देणार आहे. तू उचल. ते आधी बोलणार नाहीत, शब्द जुळवत बसतील. तू नुसतं विचार, बाबा, जेवलात का?

तुझीच,
आई