फोन आत्याबाईंकडं राहिला

११ जानेवारी

लागली! व्हिएतनामची टूर लागली! बियाणे कंपनीचं टार्गेट पुरं केलं म्हणून जोडीनं फुकट. विमान, हॉटेल, जेवण, सगळं. जाफराबादमधून आपलं एकच दुकान! हे दिवसभर गिऱ्हाइकांना सांगून राह्यले, 'मी टार्गेट मारलं.' मी म्हणे! पेरणीच्या तोंडाला कपाशीच्या पाकिटांसाठी लाईन लागल्ती, तेव्हा काउंटरवर कोण होतं?

जाऊ द्या. विमानात बसायचंय.

१५ जानेवारी

यांचं सुरू झालं. आधी 'दुकान कोण पाहील?' मंग 'तिकडं साप खातात.' मंग 'पाठ धरली.' खरं कारण मला माहीत आहे. जत्रेत आकाशपाळण्यात बसल्यावर काय झाल्तं, ते माझ्या अख्ख्या माहेरानं पाह्यलंय.

जेवताना म्हणाले, 'तू तरी एकटी कशाला जाती? कॅन्सल करून टाकू.' माझा घास तोंडातच. तेवढ्यात आत्याबाई, ताटावरची मान वर न करता: 'मंग मी जाते.'

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी ओलांडली. जालन्याच्या पुढं गेल्या त्या एकदाच, डोळ्याच्या ऑपरेशनला. सून दुकानात गल्ल्यावर बसते हे त्यांना अजून पचलं नाही, म्हणून माझ्याशी कामापुरतं बोलतात, ते पण भिंतीकडं पाहून. भिंत, चहा ठेव. भिंत, पाव्हणे आले.

आता परदेशात मी अन् आत्याबाई. भिंत कुठून आणायची?

२ फेब्रुवारी

पासपोर्ट आले दोघींचे. आता फोन. माझ्या फोनची बॅटरी पुरीसारखी फुगली, मागचं झाकण रबर लावून धरलंय. मोबाईलच्या दुकानात गेले. बबलू म्हणाला, 'वहिनी, हा फोन घेऊन फॉरेनला? जाफराबादचं नाक कापता का?' मंग एक नवा दाखवला. किंमत ऐकून मी खुर्चीतून उठलेच. तेवढ्यात दुभती म्हैस येते!

शेवटी सेकंडहँड घेतला. बबलूनं सगळं समजावून सांगितलं: 'दोन सिम बसतात. एकात आपलं, दुसऱ्यात तिकडचं. तिथं विमानतळावरच घ्या, सस्त्यात मिळतं. आपल्या सिमचं नेटचं रोमिंग बंद म्हणजे बंद! मेसेज तेवढे येतील. चुकून चालू राह्यलं तर बिल भरायला दुकान इकावं लागंल. अन् व्हॉट्सॲपनं विचारलं, नंबर बदलू का, तर न्हाई म्हणायचं. जुन्याच नंबरावर चालतं.'

'दोन्ही सिम चालतात ना रे?'

'बिलकुल! नवरीसारखा फोन हाय, वहिनी.'

९ फेब्रुवारी

आत्याबाईंना व्हिडिओ कॉल शिकवला. हे दुकानातून, आम्ही घरून. आत्याबाईंनी फोन कानाला लावला. यांना दहा मिनिटं नुसता आईचा कान दिसला! 'माय, तोंड दाखव!' 'अरे, तोंड दाखवून ऐकू कसं येईल?' मंग कशीतरी समोर धरला तर पलीकडं यांच्यामागं एक गिऱ्हाईक उभं. आत्याबाईंनी झटकन पदर ओढला अन् मला म्हणल्या, 'सांगायचं न्हाई का, माणसं हायत म्हणून!'

मला म्हणल्या. भिंतीला नाही. नोंद करून ठेवते.

१७ फेब्रुवारी, मुंबई विमानतळ

टूरमध्ये सगळे नवरा-बायको, सासू-सून आम्हीच. कंपनीचा सुमित झेंडा घेऊन पुढं. पोरगा चांगला आहे, पण बोलतो फार. जुन्या जालन्याचे राधेश्याम भाऊ पण आहेत, होलसेलवाले. बायकोचा पाय मोडला म्हणून एकटेच आलेत. त्यांचा फोन लाखाच्या वर. माझा पाहून हसले. 'भाभी, ये सिम-बिम की झंझट कायको? अपने को टेन्शन नाही. रोमिंगचा पॅक मारून आलो.'

विमान उडताना आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. अजून बांगड्यांचे वळ आहेत. वर गेल्यावर खिडकीतून पाहून म्हणल्या, 'सोमेश्वरनं आकाशपाळण्यात ओकारी केल्ती ना?' अन् हसल्या. त्यांनाही माहीत होतं!

१८ फेब्रुवारी, हनोई

बबलू!! दुसरा कप्पा मेलेला आहे! तिकडचं सिम घातलं तर फोन म्हणतो, सिमच नाही. काउंटरवरच्या पोरीनं दोनदा पुसून घातलं, फुंकर मारली. काही नाही. नवरीसारखा म्हणे!

शेवटी आपलं सिम काढलं अन् त्या जागी तिकडचं. आपलं सिम ठेवायचं कुठं? नखाएवढं ते. आत्याबाईंनी हात पुढं केला, पदराच्या टोकात गाठ मारली. 'इथून न्हाई जात.' नेट मात्र रग्गड, खर्चा आपल्या महिन्याच्या रिचार्जपेक्षा थोडाच जास्त. लगेच यांना व्हिडिओ कॉल केला. लागला!

अन् राधेश्याम भाऊ? फोन वर धरून विमानतळभर फिरून राह्यले. पॅक लागतच नव्हता. सुमितनं पाह्यलं तर पॅक थायलंडचा! गेल्या टूरला मारला तोच यंदा परत मारला. हॉटेलात हळूच आले. 'भाभी, जरा हॉटस्पॉट देता का?'

१९ फेब्रुवारी

हॉटस्पॉटला काय लांबी असते? चार खोल्यांएवढी. त्यामुळं राधेश्याम भाऊ दिवसभर आमच्या मागं मागं. देवळात मागं, तळ्यावर मागं. मी लघवीला गेले तर म्हणाले, 'भाभी, फोन बाहेरच ठेवा ना.' आत्याबाईंनी ओळखलं, हा माणूस लांब जाऊ शकत नाही. आपली पिशवी त्यांच्या हातात दिली. मंग छत्री. मंग शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. करोडपती माणूस, पण नेटपुढं काय करणार!

२० फेब्रुवारी

यांचा कॉल: 'बँकेचा ओटीपी सांग जल्दी!' बँकेला माझा नंबर दिलेला, नंबर आत्याबाईंच्या पदरात. गाठ सोडली, सेफ्टी पिननं कप्पा काढला, आपलं सिम घातलं, ओटीपी आला. परत तिकडचं सिम घातलं अन् सांगितला. तर म्हणाले, 'टाइम संपला. परत पाठवतो.' असं तीनदा! तिसऱ्यांदा आत्याबाईंनी फोन हातात घेतला. 'सोमेश्वर, आठ दिवस काही इकत घेऊ नको!' अन् कट केला. कट करायला कधी शिकल्या?

२१ फेब्रुवारी

आधी हे लिहून काढते, मंग झोपते.

आज जुन्या बाजारात सोडलं. सुमितचं एकच, पाचला बस तळ्यापाशी. रस्त्यावर स्कूट्यांचा पूर. आपली माणसं काठावर उभी, अन् आत्याबाई हात वर करून सरळ आत! स्कूट्या दोन्ही अंगानं निघून गेल्या. मागं आम्ही.

आत्याबाईंना जाफराबादच्या शेजारीण पुष्पाबाईंना बाजार दाखवायचा होता. लावून दिला कॉल. फोन त्यांच्या हातात, त्यांच्यामागं पिशव्या घेऊन राधेश्याम भाऊ. अन् मला दिसलं बियाण्याचं दुकान. आपल्यासारखंच! कारली, दोडकी, मिरची, पाकिटांवर चित्रं. पाय हलेना. कागद कसा, छपाई कशी, पाकीट चिकटवलं कसं, पाहतच बसले. वर पाह्यलं तर दोघं गायब.

पहिल्यांदा हसू आलं. आत्याबाई हरवल्या! मंग लक्षात आलं की फोन त्यांच्याकडं, हॉटेलच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये, सुमितचा नंबर फोनमध्ये, पर्स आत्याबाईंच्या पिशवीत, पिशवी राधेश्याम भाऊंच्या हातात. हरवले ती मी!

यांचा नंबर आठवेना. एवढ्या वर्षांत कधी बोटांनी दाबलाच नाही. नाव दाबलं की लागतो. आठ, आठ, तीन... पुढं काहीच नाही. हॉटेलचं नाव? तेही जिभेवर येईना. तळं कोणत्या अंगाला? एका गल्लीत गेले, परत आले. दुसरीत गेले. सगळ्या सारख्याच! शेवटी त्याच बियाण्याच्या दुकानात आले. निदान ते तरी ओळखीचं.

दुकानात एक बाई होती, माझ्याच वयाची. माझं तोंड पाहून तिनं बुटकं प्लास्टिकचं स्टूल सरकवलं. हिरवा चहा दिला, बिनसाखरेचा, बिनदुधाचा. मी रडत रडत प्यायले. तिनं विचारलं काहीतरी. मी छातीवर हात ठेवला, पाकिटांवर ठेवला. माझं पण दुकान! तिला कळलं. हसली. कारल्याचं पाकीट उघडून बी हातावर ठेवलं. मी एक दातानं फोडून पाह्यलं, मान डोलावली. चांगलं आहे! मंग तिनं एक कोपऱ्यातलं पाकीट दाखवून तोंड वाकडं केलं, म्हणजे उगवत नाही. अगं बाई, तुझ्याकडं पण!

पाच वाजून गेले असावेत. बस गेली असणार. आत्याबाई कुठं असतील? यांना काय तोंड दाखवू, तुमची आई परदेशात टाकून आले?

अन् गल्लीतून आवाज आला.

'बेबी! ए बेबी! बेबीनंदाऽऽ!'

यांचा आवाज! लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला चारचौघांत नावानं हाक मारली नाही. 'ऐकलं का' नाहीतर 'अगं'. अन् आता हनोईच्या बाजारात, बेबी! मला वाटलं डोकं फिरलं माझं. बाहेर धावले तर गल्लीच्या तोंडाला आत्याबाई, फोन मशालीसारखा वर धरलेला, आवाज फुल. मागं घामाघूम राधेश्याम भाऊ.

फोनमध्ये आमचं दुकान. हे मधे, बाजूनं बबलू, पुष्पाबाई, गिऱ्हाइकं, कोण कोण. सगळा चौक जमल्ता!

'दिसली! माय, दिसली, डाव्या हाताला!' हे तिकडून ओरडले. आईच्या आधी यांना दिसले मी.

सगळं मंग समजलं. मी मागं नाही हे पाहून आत्याबाईंनी पुष्पाबाईंना सांगितलं, फोन घेऊन सोमेश्वरच्या दुकानात जा. त्या पळत गेल्या. यांनी ऐकलं अन् म्हणाले, 'बियाण्याच्या दुकानात असंल. दुसरं कुठं जाणार ती!' बबलूनं बियाण्याला तिकडच्या भाषेत काय म्हणतात ते फोनवर काढलं, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं अन् कॅमेऱ्यापुढं धरलं. आत्याबाईंनी फोन दिसेल त्या माणसाच्या नाकापुढं धरला. लोकांनी बोट दाखवलं, त्या बोटावर चालत आल्या. तीन दुकानं चुकीची निघाली, चौथं हे. बस सुमितनं थांबवून धरल्ती.

आत्याबाई माझ्यासमोर उभ्या राह्यल्या. मला वाटलं आता आवाज चढवणार. म्हणल्या, 'काय बाई! मी म्हणलं पोरगी गेली.' अन् माझा चेहरा लुगड्याच्या पदरानं पुसला. गाठीतलं सिम गालाला टोचलं.

फोनमधून बबलू: 'वहिनी, फोन कसा हाय? नवरीसारखा ना?'

'तू थांब,' म्हणले, 'मी येऊन राह्यले.'

त्या बाईनं कारल्याचं पाकीट दिलं. पैसे घेतले नाहीत. राधेश्याम भाऊ तिथंच स्टुलावर बसले अन् म्हणाले, 'भाभी, उद्यापासून मी नवीन सिम घेतो.'

२२ फेब्रुवारी

यांचा मेसेज, सकाळी सकाळी. 'जेवलीस का?' एवढंच. कधी विचारलं नव्हतं. रात्री जेवले म्हणून कळवलं. परत आला: 'काय जेवलीस?'

नाश्त्याला आत्याबाई माझ्याजवळ बसल्या, कान माझ्याकडं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, 'दुकानात एवढं काय असतं गं, की भान जातं माणसाचं?' मी सांगत बसले. उगवण, वाण, कोणती कंपनी बोगस, कोणता शेतकरी काय मागतो. बस सुटेपर्यंत सांगितलं.

२५ फेब्रुवारी, जाफराबाद

कोणीतरी त्या दिवशी दुकानातला सगळा प्रकार शूट केल्ता. आम्ही विमानात होतो तेवढ्यात व्हिडिओ तालुक्यात पोहोचला! बसस्टँडवर उतरले तर जीपवाला: 'सापडल्या का, ताई?' गिऱ्हाइकं आधी 'बेबी! ए बेबी!' म्हणतात अन् मंग खताचा भाव विचारतात. हे लाजून गोदामात. बबलूनं पैसे परत दिले, न मागता. फोन मात्र मी ठेवला.

सगळ्यांना पाहायचंय ते आत्याबाईंना. दहा-दहा बाया येऊन बसतात. 'उषाबाई, सांगा ना, भ्या न्हाई वाटलं?' 'भ्यायचं काय? तोंड दाखवायचं अन् इचारायचं.'

८ मार्च

पार्टीची माणसं आल्ती. दोन गाड्या. नगरपंचायतीला आपला वॉर्ड बाईसाठी सुटणार म्हणे, घराघरात ओळखीचं नाव पायजे. मला वाटलं, माझ्यासाठीच. घाईघाईनं चांगली साडी नेसून चहा घेऊन बाहेर आले, तर सगळे आत्याबाईंच्या पायाशी बसलेले. आत्याबाई सुपारी कातरत होत्या. शेवटी म्हणल्या, 'उभी राहते. पर फारमावर अंगठा न्हाई उठवणार. सही करणार.' अन् माझ्याकडं वळल्या. 'बेबी, उद्यापासून दुकान सोमेश्वर पाहील. तू मला शिकव.'