भोपळा धरत का नाही

२ फेब्रुवारी
लाल भोपळ्याच्या बिया लावल्या. परसात मोरीच्या मागे, जिथे भांड्यांचं पाणी जातं तिथे. बिया वहिनींनी अक्कलकोटकडच्या माहेराहून आणलेल्या, राखेत घोळवून ठेवल्या होत्या. बी आडवी लावायची की उभी, यात माझा फार वेळ गेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, वर कुठंय ते बीला कळतंय. तुम्ही नका काळजी करू." तरी टोक खाली करूनच लावल्या. पलीकडे दोडका. भिंतीकडेला मेथी.

११ फेब्रुवारी
वर आल्या. बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन. एकीची टोपी निघेना म्हणून नखाने काढायला गेलो, अर्धं पान तुटलं. दिवसभर प्रेसवर तेच डोक्यात. लग्नपत्रिकांची घाई आहे. मालक म्हणाले, "मुलीच्या बापाचं नाव तिसऱ्यांदा तपासतोयस. त्याला स्वतःला तरी एवढं पाठ असेल का?"

१ मार्च
वेल भिंतीला लागला. त्याचे कुरळे दोरे काठी शोधतात. आज एका दोऱ्याजवळ मुद्दाम काडी रोवून ठेवली. संध्याकाळी येऊन पाहिलं तर दोन वेढे. त्याला दिसत नाही, मग कळतं कसं? वहिनींना दाखवलं. त्या धुणं सोडून बघत बसल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांना असं बघताना पाहिलं. दिवाळीच्या आधी त्यांचं पोटातलं गेलं, तिसऱ्या महिन्यात. त्यानंतर घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. आईने शिवायला घेतलेली दुपटी ट्रंकेत गेली.

१० मार्च
पहिलं फूल! पिवळंधमक, तळहाताएवढं. पहाटे उघडतं, मी आंघोळ करून येईपर्यंत पूर्ण. नऊच्या सुमाराला मिटायला लागतं. दोडक्याचं उलट, तो संध्याकाळी फुलतो. एकाच मातीत दोन वेगवेगळी घड्याळं.
आई म्हणाली, "ही पोकळ फुलं. ह्यांना फळ धरत न्हाय, नुसता वेलाचा जोर खातात. रोजच्या रोज तोडत जा." तोडली. बेसनात बुडवून भजी. दादा कंपनीतून आला, उभ्याउभ्या सात-आठ खाल्ली.

१५ मार्च
रोज सकाळी पोकळ फुलं तोडतो. पानं उचलून उचलून. एकही सुटत नाही.

१९ मार्च
आज वेगळं फूल. त्याच्या मागे सुपारीएवढा हिरवा भोपळा, फूल उघडायच्या आधीपासून तयार! म्हणजे भोपळा आधी आणि फूल नंतर. हे मला माहीतच नव्हतं. आईला बोलावलं, तिने हात जोडले.

२३ मार्च
तो पिवळा पडला. दुसराही. बोट लावताच देठापासून गळून हातात आला. पाणी जास्त? कमी? नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, पण मोरीचं पाणी तर रोज आहे. शेण घातलं. पानांच्या मागची बाजू तपासली. कीड नाही.

२७ मार्च
आणखी तीन गेले. दोडका मात्र भरभरून लागलाय, शेजारच्यांना वाटतोय.
आज सकाळी आई वहिनींना म्हणाली, "सुनंदा, तू जरा लांबच राहा वेलापासनं."
वहिनींनी कपड्यांची बादली उचलली आणि पुढच्या दारी वाळत घालायला गेल्या. तिथे रस्त्याची धूळ बसते.
मी आईला म्हणालो, "असं का बोललीस?"
"मी काय वाईट बोलले? कुणाकुणाच्या हाताला न्हाय धरत. जगात असतंय तसं."
"मग दोडका कसा धरला? वहिनी त्याच्यावरूनच जातात की."
"दोडका कडक जातीचा."
मला हसू आलं आणि नंतर बराच वेळ काही गोड लागेना.

३१ मार्च
आई फोनवर मावशीला: "पाठवते तिला माहेरी. राहू दे महिना-दोन महिने. बघू पुढचं पुढं." पुढचं म्हणजे काय? दादाला विचारलं. तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "आईचं डोकं शांत होईल. तू मध्ये पडू नको." तो दोन दिवस नीट जेवलेला नाही, हेही खरं.
भोपळा का गळतो ते शोधलंच पाहिजे. म्हणजे निदान हे तरी वहिनींच्या नावावर राहणार नाही.

२ एप्रिल
दादाची पहिली पाळी, म्हणून वहिनींना एस.टी. स्टँडवर मी सोडलं. उजाडायच्या आत निघालो. मोठी पिशवी होती. महिनाभरासाठीसुद्धा कुणी एवढी पिशवी भरत नाही. म्हणाल्या, "भावजी, वेलाला पाणी घाला. धुण्याचं उरलेलं पाणी मी तिथंच ओतायची, आता कोण ओतणार?" गाडी लागली. खिडकीत बसल्या आणि स्वतःच्या आईशी फोनवर कानडीत बोलायला लागल्या. मला एवढंच कळलं, 'कुंबळकायी'. म्हणजे भोपळाच. म्हणजे तिकडेही हेच सांगत होत्या.
तिथूनच प्रेसवर गेलो.

६ एप्रिल
एक धरलाय!! २ तारखेला फुललेला. आज लिंबाहून मोठा, देठ टणक, चकाकतो. तीनदा जाऊन पाहिला.
आईनेही पाहिला. म्हणाली, "बघ. ती गेली आणि धरला."
तारीख तीच आहे, हे खोटं कसं म्हणू?

७ एप्रिल
रात्रभर विचार. २ तारखेला वहिनी गेल्या, हे खरं. पण त्या दिवशी आणखी काय वेगळं झालं? पाणी तेच. ऊन तेच. मी
मी फुलं तोडली नाहीत! स्टँडवर गेलो होतो. इतक्या दिवसांत तेवढी एकच सकाळ.

८ एप्रिल
दोन्ही प्रकारची फुलं ब्लेडने उभी चिरून कागदावर ठेवली. पोकळ फुलात मध्ये एक दांडी, तिच्यावर पिवळी पूड, बोटाला लागते, पुसली तरी राहते. भोपळ्यावाल्या फुलात पूड नाही, तीन-चार जाड, चिकट ओठांसारखं काहीतरी. पूड इथली तिथे जायला हवी. बारक्या मधमाश्या येतात, पण मी सहा वाजताच सगळं तोडून भज्यांना दिलेलं. त्या बिचाऱ्या काय नेणार? आणि दोडक्याची फुलं कुणी तोडतच नाही.
शाळेच्या पुस्तकात हे होतं. चित्रसुद्धा होतं. मी नावं पाठ केली, मार्क मिळाले, पुढे दहावीत शाळाच सुटली. ते चित्र आमच्या मोरीमागे असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

९ एप्रिल
आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.
"आमी जन्मभर फुलं तोडली. भोपळे काय आले न्हाईत?"
"तू रानात तोडायचीस, आई. हाताला लागतील तेवढी. बाकीची राहायचीच. मी एक ठेवत नव्हतो."
"व्हय, तुझं सगळंच जास्तीचं." भाकरी उलटली. "आणि ती गेल्यावर धरला त्याचं काय?"

१० एप्रिल
वहिनी घरात नाहीत. म्हणून आज मुद्दाम पोकळ फुलं सगळी तोडली, जुन्यासारखी. भोपळ्यावालं एक फुललं होतं, त्याला लाल दोरा बांधला. हा गळेल. स्वतःच्या हाताने त्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटलं.

१४ एप्रिल
गळला. आईच्या हातात दिला. "वहिनी इथे नव्हत्या," म्हणालो.
तिने तो फिरवून पाहिला. "ऊन वाढलंय," म्हणाली आणि आत गेली. पण टाकला नाही. खिडकीत ठेवलाय.
नंतर वहिनींना फोन केला, सगळं सांगितलं. म्हटलं, आता या, पुढची फुलं तुम्ही करा, पूड तुम्ही लावा, आई बघेल. त्या म्हणाल्या, "आणि गळलं तर, भावजी?"
मी म्हणालो, गळणार नाही. पण पूड लावूनही एखादा गळू शकतो. उन्हाने गळतो, वेलाला झेपत नाही म्हणून गळतो. हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असणार, त्या शेतातल्या.

१७ एप्रिल
दादाची सुट्टी. सकाळी म्हणाला, गाडीचं काम आहे. दुपारी वहिनींना घेऊन आला. आईला विचारलं नव्हतं. मोठी पिशवी त्याच्या खांद्यावर.
आई दारात. "आलीस?"
"आले."
"उन्हाचं कशाला आणलंस रे तिला? संध्याकाळची गाडी न्हवती व्हय?" मग वहिनींना, "हातपाय धू. माठातलं पाणी घे."
दादाने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याचे कान लाल झाले होते.

१९ एप्रिल
आज भोपळ्यावाली एकदम चार फुलं. मी पोकळ फूल तोडून पाकळ्या काढून दाखवल्या. वहिनी म्हणाल्या, "दांडी अशी फिरवायची?" "हळू. सगळ्या बाजूंनी लागू दे." दोन त्यांनी केली, दोन मी. त्यांच्या बोटांना पूड लागली, हळदीसारखी. पदराला पुसली नाही.
आई मोरीच्या दारात तांब्या घेऊन उभी. शेवटचं फूल होईपर्यंत तिथून हलली नाही.
दोऱ्याची गुंडी माझ्या खिशात होती. लाल आणि पांढरा, काल रात्रीच कापून ठेवलेला. वहिनींनी हात पुढे केला, "द्या, माझ्या दोन्हींना बांधते."
"संपला," म्हणालो.
त्यांनी खिशाकडे पाहिलं. मग खाली वाकून पानं सारखी केली.

२२ एप्रिल
तीन टणक आहेत. चौथा देठाकडे फिकट होतोय. कदाचित सावरेल. उन्हाला पोत्याचा आडोसा केला.
दुपारी आई आली, पानं बाजूला करून चारही पाहिले.
"ह्यातली तिची कुठली?"
"खूण केली नाही."
"तू? खूण केली न्हाईस?"
"राहून गेलं."
ती माझ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं मला ओळखते. मग तांब्यातलं पाणी चौघांच्या बुडाला घातलं, फिकट झालेल्याला थोडं जास्त.
तो कुणाचा, मला माहीत आहे. इथेही लिहीत नाही.