पावतीची मागची बाजू

प्रिय ताई,

तीन दिवस मी कामावर आले नाही, तुझा फोनही उचलला नाही, म्हणून चिडली असशील. चीड. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतेस, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. कागदाला मात्र मध्येच ‘अगं, तुला कळत नाही’ म्हणता येत नाही.

त्या शिवणकामवाल्या मावशी. दर महिन्याला मुलीच्या वसतिगृहाचे पैसे आपल्या शाखेतून पाठवायच्या, गळ्यात मापाची टेप तशीच. सोमवारी कुणीतरी त्यांना फोन केला, मुलीला अपघात झालाय, या नावावर लगेच पैसे पाठवा. मी पाठवले, पावती दिली. दहा मिनिटांत त्या धापा टाकत परत आल्या. मुलीशी बोलणं झालं होतं. ती वर्गात होती, धडधाकट. माझ्या संगणकाच्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, पैसे अजून कुणी उचललेले नाहीत. अर्ध्या तासाच्या आत ग्राहकाने मागितले तर सगळे परत, आपल्या शुल्कासकट. पावतीच्या मागे तसं छापलंय. त्यावर जाहिरातीची चिठ्ठी टाचायला पहिल्याच दिवशी तू मला शिकवलंस. वाचलं की मागत बसतात, म्हणालीस, आणि आपण दोघी हसलो.

मी वळून शाखाप्रमुखाच्या खुर्चीकडे, तुझ्याकडे पाहिलं. तू नुसती नकारार्थी मान हलवलीस. आणि मी, तुझी शहाणी बहीण, म्हणाले, एकदा गेलेले पैसे परत येत नाहीत हो मावशी. त्या भांडल्यासुद्धा नाहीत. ‘माझंच चुकलं गं बाळ,’ एवढंच. पंधरा मिनिटांनी पडद्यावरची अक्षरं बदलली. पैसे उचलले गेले होते. तू डबा उघडलास आणि म्हणालीस, ये, गार होतंय.

ताई, त्या मान हलवण्यापेक्षा त्या डब्याचा मला जास्त राग आला. परतावे शून्य असले की वरचे तुझं कौतुक करतात, कळतं मला. आई गेल्यावर माझी फी तू याच पगारातून भरलीस, तेही विसरले नाही. त्यानेच तर इतकी वर्षं माझं तोंड शिवलेलं होतं. पण तुझे उपकार माझ्यावर आहेत. ते मावशींनी का फेडायचे?

काल त्यांच्याकडे गेले. मशीन थांबवून त्यांनी मला स्टूल पुढे केलं, याची लाज अजून जात नाही. दोघींनी मिळून मुख्य कार्यालयाला तक्रार लिहिली: त्या किती वाजता परत आल्या, पडद्यावर काय होतं, मी काय बोलले, कुणाकडे पाहून बोलले. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. उद्या ती पोचेल. चौकशीच्या टेबलावर तुला हे परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हा कागद तुझ्या दाराखालून सरकवतेय. माझी नोकरी जाईल. बहुधा तुझीही. नंतर मी येऊन दार वाजवणार आहे. उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
धाकटी